उंदीर, ससा आणि पालिकेचा चुना

२०१४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या क्लॅक्टन-ऑन-सी या गावात पोटनिवडणूक लागली होती. तिथल्या खासदाराने हुजूर पक्ष सोडला, राजीनामा दिला आणि युकिप या पक्षाच्या तिकिटावर तो पुन्हा उभा राहिला. बाहेरून येणाऱ्यांना आवरा, हा त्या पक्षाचा कायमचा धोशा. मतदान तोंडावर आलेलं असताना किनाऱ्याजवळच्या एका भिंतीवर चित्र उमटलं. तारेवर एका बाजूला राखाडी, गुबगुबीत कबुतरांची टोळी. त्यांच्याकडे मोर्चात असतात तसले फलक. स्थलांतरितांना इथे थारा नाही, आफ्रिकेत परत जा, आमच्या किड्यांना हात लावायचा नाही, असा त्यांवरचा मजकूर. आणि त्याच तारेवर, जरा लांब, एकटाच बसलेला एक चिमुकला रंगीत पक्षी.

पालिकेकडे तक्रार गेली की चित्र आक्षेपार्ह आहे, वंशद्वेषी आहे. पालिका कार्यक्षम निघाली. माणसं आली, भिंत स्वच्छ करून गेली. त्यानंतर खरं नाव गुप्त ठेवून भिंती रंगवणाऱ्या बँक्सीने आपल्या संकेतस्थळावर या चित्राचे फोटो टाकले आणि गावाला कळलं की आपण काय पुसलं. वर्तमानपत्रांनी किमतीचे लाखो पाउंडांचे अंदाज छापले. पालिकेचा खुलासा वाचण्यासारखा होता. चित्र कोणाचं ते आम्हाला ठाऊक नव्हतं, बँक्सींनी पुन्हा येऊन गावाला साजेसं काही काढलं तर आम्हाला आनंदच होईल, असा त्याचा मथितार्थ.

या किश्शात मला सगळ्यात जास्त आवडतो तो तक्रारदार. पालिकेला सगळे हसले, पण तक्रारदाराने चित्र नीट पाहिलं होतं. फलक वाचले होते. ते वंशद्वेषी आहेत हेही त्याला बरोबर कळलं. गफलत एवढीच झाली की कबुतरांचं म्हणणं त्याने चित्रकाराच्या खात्यावर जमा केलं. पंचतंत्रातल्या कोल्ह्याच्या लबाडीबद्दल विष्णुशर्म्यावर फिर्याद ठोकावी, तसं.

रस्त्यावरच्या चित्रकाराला प्राणी का लागतो, ते या गोंधळातच कळतं. माणूस काढला की तो लगेच कोणाचा तरी होतो. कपड्यांवरून, कातडीच्या रंगावरून, टोपीवरून त्याची जात, धर्म, पक्ष ठरतो. प्राणी काढला की चित्रकाराला गप्प बसता येतं. बोलायचं काम मग इतर लोक करतात. रहिवासी, पालिका, वकील, क्वचित चोरसुद्धा. भिंतीवरच्या चित्रांचे खरे किस्से रंग वाळल्यानंतर घडतात, ते असे. आणि कबुतराचंच बघा. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढं रण पेटलं! एकाच पक्ष्यात एकाला जीवदया दिसली, दुसऱ्याला फुप्फुसाचा आजार. दादरच्या एखाद्या भिंतीवर कोणी नुसतं कबुतर काढलं असतं, एक अक्षरही न लिहिता, तरी दोन्ही बाजूंनी तक्रारी आल्या असत्या.

*

भिंतींवर प्राणी छापणाऱ्यांच्या वंशावळीचा मूळपुरुष एक पॅरिसचा माणूस आहे. झाव्हिए प्रू. भिंतीवरचं नाव ब्लेक ल रा, म्हणजे ब्लेक उंदीर. 'ब्लेक ल रोक' नावाचं एक कॉमिक तिकडे प्रसिद्ध होतं, त्यावरून त्याने हे नाव बेतलं. १९७१ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला होता. तिथल्या भिंतींवर आणि मेट्रोच्या डब्यांवर पोरांनी फवारलेली नावं पाहून तो चक्रावला. पुढे पॅरिसच्या कलाविद्यालयात मुद्राचित्रण आणि मग वास्तुरचना शिकला. १९८१ मध्ये एका मित्राला घेऊन अमेरिकन पद्धतीने भिंत रंगवायला गेला आणि साफ फसला. जे झालं ते त्याचं त्यालाच बघवेना.

मग त्याला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी आईवडिलांबरोबर तो इटलीत पादुआला गेला होता. तिथल्या एका भिंतीवर मुसोलिनीचा चेहरा छापलेला होता. युद्ध संपून वर्षं लोटली होती, हुकूमशहा मेला होता, छाप तेवढा शिल्लक होता. पुठ्ठ्यात आकृती कापायची, पुठ्ठा भिंतीला टेकवायचा, वरून रंग मारायचा. प्रचारयंत्रणेचं हे हत्यार प्रूने उचललं आणि त्यातून उंदीर छापायला लागला. जमिनीलगत, भिंतीच्या कडेकडेने पळणारे, खऱ्याएवढे काळे उंदीर. शहरात खरा मोकळा प्राणी हा एकच, आणि माणूस संपला तरी हा टिकेल, असं तो मुलाखतींतून सांगत आला आहे. उंदीर प्लेगही आणतो. प्रूला तोही अर्थ हवाच होता. आपली कला शहरभर साथीसारखी पसरावी, अशी त्याची मनीषा.

मराठी माणसाने हा उंदीर पाहिला तर त्याची पंचाईत होईल. आपल्याकडे हा गणपतीच्या पायाशी लाडू धरून बसतो, त्याच्या कानात नवस सांगतात. १८९७ च्या पुण्यात याच उंदरापायी रँडचे सोजीर घराघरांत घुसले होते. आणि मुंबई महापालिकेत रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणाऱ्या कामगारांचं स्वतंत्र पद आहे. पॅरिसकराला एका उंदरात दोन अर्थ सापडले, आपल्याला बसल्याजागी तीन.

छाप कापण्याचं तंत्र सोपं वाटतं, पण त्यात एक मेख आहे. आपल्याकडे रांगोळीचे छाप मिळतात ते जरा निरखून पाहा. फुलाच्या आत वर्तुळ हवं असेल, तर ते वर्तुळ कुठल्या तरी पट्टीने बाहेरच्या भागाला जोडलेलं ठेवावं लागतं. नाहीतर कापल्याबरोबर मधला तुकडा गळून खाली पडतो. उंदराच्या डोळ्यातली चमक, दात, मिशा, शेपटीचं वेटोळं, प्रत्येक ठिकाणी अशी बारीक पट्टी राखायची आणि ती छापल्यावर डोळ्याला खुपूही द्यायची नाही. चांगल्या छापकाराचं कसब ब्लेडच्या धारेत कमी आणि पट्टी कुठे लपवली यात जास्त. केसाळ प्राणी म्हणूनच सोयीचा. पट्ट्या केसांत खपून जातात. हे सगळं काम घरी, दिवसभरात, हातात चहाचा कप घेऊन होतं. भिंतीपाशी मिनिटभर फवारा मारला की पसार.

या 'पसार'वरच सगळं अवलंबून. बँक्सीने स्वतःच सांगितलेली हकीकत आहे. वय अठरा. रेल्वेच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत काहीतरी रंगवत होता, पोलीस आले, दोस्त पळाले, हा एका ट्रकखाली शिरला. वरून अंगावर तेल ठिबकतंय, बाहेर पोलीस फिरताहेत. पडल्या पडल्या त्याचं लक्ष ट्रकच्या इंधनटाकीवर छापलेल्या अक्षरांकडे गेलं. रंगवायला लागणारा वेळ निम्म्यावर आणायचा तर हेच केलं पाहिजे, हा साक्षात्कार त्याला त्या ट्रकखाली झाला. मग त्याचे उंदीर आले. छत्रीवाले, हातोडीवाले, फलक धरलेले. ब्लेकने हे वीस वर्षांपूर्वी करून ठेवलंय, हे त्याने मोकळेपणाने कबूलही केलं. ब्लेकने कधी कौतुक केलं, कधी कुरकुर. मला विचाराल तर कुरकुर रास्त होती.

ब्लेकचं पुढे काय झालं? १९९१ मध्ये काराव्हाज्जोच्या 'मॅडोना आणि बालक' या चित्राचा छाप मारताना पोलिसांनी त्याला पकडलं आणि उंदरांचा कर्ता कोण ते उघड झालं. दहा वर्षं उंदीर छापत फिरला तेव्हा सापडला नाही, आई आणि बाळ काढायला गेला आणि सापडला. त्यानंतर त्याने भिंतीवर थेट रंग मारणं सोडलं. घरी कागदावर छापायचं आणि बाहेर जाऊन कागद चिकटवायचा. पकडलं तरी शिक्षा कमी!

बँक्सीच्या चित्रांच्या खरेखोटेपणाचा दाखला देणारी जी संस्था आहे, तिचं नाव आहे 'पेस्ट कंट्रोल'. उंदरांच्या बापाने स्वतःच्या कार्यालयाला दुसरं कुठलं नाव द्यावं?

या उंदरांचं मरण मात्र पुष्कळदा सफाई कामगारांच्याच हातून. २०१० मध्ये मेलबर्नच्या होझियर लेनमध्ये पालिकेने सफाईला माणसं पाठवली. हवाईछत्रीने उतरणारा बँक्सीचा एक उंदीर तिथे होता. तोही इतर रंगकामाबरोबर गेला. पालिकेने नंतर हळहळ व्यक्त केली. पण सगळ्यात नामी किस्सा २०२० च्या जुलैतला, लंडनच्या भुयारी रेल्वेतला. करोनाचे दिवस. बँक्सीने निर्जंतुकीकरण करणाऱ्या कामगाराचा वेश केला. पांढरा झगा, चष्मा, मुखपट्टी, पाठीवर फवाऱ्याची टाकी. आणि डब्यात शिरून शिंकणारे, मुखपट्टीची हवाईछत्री करून लोंबकळणारे उंदीर काढले. एवढा बेमालूम वेश की त्याच्याकडे वळून बघावंसं कोणाला वाटलं नाही. तो चित्रफीत प्रसिद्ध करतो न करतो तोच कळलं की खऱ्या सफाई कामगारांनी नियमाप्रमाणे डबा कधीच पुसून टाकलाय. रेल्वेने निवेदन काढलं की मुखपट्टीचा संदेश चांगला आहे, आम्ही त्यांना योग्य जागा देऊ, पण डब्यात रंगकाम चालत नाही. हे निवेदन आपल्याकडच्या कुठल्याही खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने जसंच्या तसं लिहिलं असतं.

*

छापवाल्यांची ही एक जात झाली. दुसरी जात शिडी लावून, पाळण्यात उभं राहून अख्खी इमारत रंगवणाऱ्यांची. त्यातला मला सर्वांत भावतो तो बेल्जियमच्या गेंट शहराचा रोआ. खरं नाव त्यानेही गुप्त ठेवलंय. गावाबाहेरच्या ओसाड कारखान्यांत जनावरं काढत त्याची सुरुवात झाली. जिथे जाईल तिथला प्राणी काढायचा, हा त्याचा शिरस्ता. रंग बहुतेक काळा, पांढरा आणि करडा. रोलरने पांढऱ्या-करड्या रंगाचं अंग भरून घ्यायचं आणि त्यावर स्प्रेने काळ्या बारीक रेघा ओढत सुटायचं. एकेक केस, एकेक पीस. लांबून खोदकाम केलेलं वाटतं आणि जवळ गेलं की रेघांचं रान. कधी तो दुकानाच्या झडपा आणि दारं अशी वापरतो की झडप बंद असताना जनावर अंगभर कातडीचं, उघडली की आतली हाडं दिसावीत.

लंडनच्या हॅकनी रोडवर एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या भिंतीवर त्याने भलाथोरला ससा काढला होता. मालकांची परवानगी घेऊन. २०१० मध्ये तिथल्या पालिकेने मालकांना नोटीस धाडली की हे विद्रूपण काढा, नाहीतर आम्ही भिंत काळी करू आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू. आता ससा हा काही कोणाच्या भावना दुखावणारा प्राणी नव्हे. त्याच्या हातात फलकही नव्हता. तरी पालिकेच्या नियमात 'ससा' असा रकानाच नाही, 'विद्रूपण' असा आहे. लोक खवळले. दोन हजारांवर सह्या जमल्या. पालिकेने माघार घेतली. तोवर तो नुसता ससा होता. नोटीस आल्यावर तो हॅकनीच्या रहिवाशांचा झाला. हा अर्थ त्याला रोआने दिलेला नाही, पालिकेने दिला.

रोआचाच दुसरा किस्सा ब्रिक लेनच्या कडेला, हॅनबरी स्ट्रीटवरचा. हा सगळा भाग बांगलादेशी वस्तीचा. रोआला तिथे बगळा काढायचा होता. काम सुरू झालं, येणारे-जाणारे बंगाली लोक थांबून पाहू लागले आणि विचारू लागले, हा सारस का? कारण क्रौंच-सारसाच्या कुळाला त्यांच्याकडे मान आहे. रोआने मुकाट्याने बेत बदलला आणि बगळ्याचा सारस केला. आजूबाजूच्या इंग्रजाला दोन्ही सारखेच, लांब मान आणि लांब पाय. आपल्याला मात्र यातली गोम चटकन कळते. एका पायावर डोळे मिटून उभा राहिलेला आणि मासा टप्प्यात आला की झडप घालणारा बगळा आपल्याकडे ढोंग्याचा बाप. बकध्यान त्याचंच. आणि सारस म्हणजे जोडीदारासाठी झुरणारा. गोंदियाकडे भाताच्या बांध्यांत उरलेल्या सारसांच्या जोड्या शेतकरी अजून कौतुकाने दाखवतात. इमारतीएवढा ढोंगी आपल्या मोहल्ल्यावर नजर ठेवून उभा राहणार की एकनिष्ठ पक्षी, एवढा फरक चोचीच्या आणि मानेच्या दोन-चार रेघांनी पडला. भिंतीसमोरच्या माणसांना विचारून अर्थ ठरवलेलं दुसरं चित्र मला तरी चटकन आठवत नाही.

*

हत्तीचे दोन किस्से सांगायलाच हवेत.

बँक्सीला जिवंत जनावरांवर रंग लावायची खोड होती. २००३ मध्ये लंडनच्या एका गोदामातल्या प्रदर्शनात त्याने डुकरं पोलिसांच्या रंगांत रंगवली, गाईच्या अंगावर वॉरहॉलच्या चित्रांतले चेहरे काढले. एका प्राणिमित्र बाईंनी स्वतःला तिथल्या कठड्याला साखळीने जखडून घेतलं. त्यातून शहाणा न होता २००६ च्या सप्टेंबरात त्याने लॉस एंजलिसमध्ये ताई नावाची अडतीस वर्षांची हत्तीण आणली. गोदामात दिवाणखाना थाटला. सोफा, गालिचा, भिंतींवर लाल-सोनेरी नक्षीचा कागद. आणि हत्तिणीच्या अंगावर पायापासून सोंडेपर्यंत हुबेहूब तीच नक्षी. एवढं मोठं जनावर खोलीत उभं आहे आणि पाहुणे न पाहिल्यासारखं करताहेत, तसंच जगातल्या गरिबीचं झालंय, असं त्याला म्हणायचं होतं. लोकांनी गरिबीबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे बोलले ते हत्तिणीच्या कातडीबद्दल. शहराच्या प्राणिखात्याने परवाना दिला होता, तो द्यायला नको होता अशी उपरती त्या खात्याला झाली आणि हत्तीण धुऊन काढा असा हुकूम निघाला. शेवटच्या दिवशी ताई आपल्या मूळ राखाडी रंगात त्या दिवाणखान्यात उभी होती. त्यामुळे ती नीट दिसली, हे माझं खासगी मत. पुढे 'वॉटर फॉर एलिफंट्स' या चित्रपटात रोझी हत्तीण झाली ती हीच.

दुसरा किस्सा आपल्या देशातला. २०१२ च्या जानेवारीत, उत्तर प्रदेशात निवडणूक तोंडावर आलेली असताना, निवडणूक आयोगापुढे एक अजब सवाल आला. लखनौ आणि नोएडाच्या उद्यानांत मायावती सरकारने उभारलेले दगडी हत्ती. बहुजन समाज पक्षाची निशाणी हत्ती. मग हे हत्ती म्हणजे प्रचार की शिल्पकला? पक्षाचा युक्तिवाद मोठा बहारदार होता. आमच्या निशाणीतल्या हत्तीची सोंड खाली आहे, उद्यानातल्या हत्तींची वर आहे, वर सोंड म्हणजे स्वागताची जुनी भारतीय मुद्रा. आयोगाने सोंडेचा विचार न करता हत्ती झाकायचा हुकूम काढला. प्लॅस्टिक आणि कापडाची ठाणंच्या ठाणं खर्ची पडली. एरवी त्या हत्तींकडे ढुंकून न पाहणारे लोक गुंडाळलेल्या हत्तींचे फोटो काढायला जमू लागले आणि देशभरच्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर हत्तीच हत्ती झाले. आयोगाने फुकटात केलेला एवढा प्रचार कुठल्या पक्षाच्या वाट्याला आला नसेल. निवडणूक मात्र मायावती हरल्या.

प्राण्यांचं राजकारण आपल्या भिंतींना नवं नाहीच. जंजिऱ्याच्या दरवाजावरचं ते शिल्प आठवा, वाघासारखं श्वापद आणि त्याच्या पंजांत खेळण्यासारखे धरलेले हत्ती. किल्ल्यात शिरणाऱ्याने काय समजायचं ते समजून घ्यावं. स्वातंत्र्यानंतर ही चित्रकला दगडावरून चुन्यावर आली. गावोगावचे पेंटर निवडणुकीत भिंतीला चुना मारून गेरूने आणि निळीने चिन्हं काढत. काँग्रेसची बैलजोडी १९५२ पासून. पक्ष फुटल्यावर ती गोठवली गेली आणि इंदिराबाईंच्या वाट्याला गाय-वासरू आलं. शेतकऱ्याच्या देशात याहून निर्मळ चिन्ह काय असणार? पण आणीबाणी आली आणि लोकांनी त्या चित्राचा परस्पर नवा अर्थ लावला. गाय म्हणजे इंदिरा, वासरू म्हणजे संजय. पेंटरने ब्रशचा एक फटकारा बदलला नव्हता. तेच चित्र, तोच गेरू, पण त्यावरून उठलेलं हसू काही पुसता येईना. १९७८ मध्ये पक्षाने हात घेतला. आयोगानेही पुढे प्राणिमित्रांच्या आक्षेपांनंतर नवीन पक्षांना प्राणी-पक्षी देणं थांबवलं, कारण प्रचारसभांत जिवंत जनावरांचे हाल व्हायचे. जुने तेवढे राहिले. बसपचा हत्ती, गोव्यात मगोपचा सिंह. आणि मुंबईत ज्या पक्षाच्या शाखाशाखांवर वाघ डरकाळी फोडत होता, त्याची मतपत्रिकेवरची निशाणी धनुष्यबाण होती. व्यंगचित्रकाराने काढलेल्या त्या वाघाला निवडणूक आयोगाच्या मान्यतेची गरज कधी पडलीच नाही.

*

आता बँक्सीचे लंडनमधले ते नऊ दिवस.

२०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला लहान मुलींवर चाकूहल्ला झाला आणि अफवांवरून इंग्लंडभर दंगली पेटल्या. स्थलांतरितांच्या निवाऱ्यांवर, मशिदींवर जमाव चालून गेले. ५ ऑगस्टला क्यू पुलाजवळ एका भिंतीच्या अरुंद कठड्यावर काळी शेळी दिसली. पायाखालून दगड निखळताहेत, आणि रस्त्यावरचा सीसीटीव्ही नेमका तिच्यावर रोखलेला. चित्र बँक्सीचं. खाली एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी चेल्सीत, बुजवलेल्या दोन खिडक्यांतून दोन हत्तींनी डोकी बाहेर काढून सोंडा एकमेकांकडे लांबवलेल्या. तिसऱ्या दिवशी ब्रिक लेनवरच्या पुलाला तीन माकडं लटकली. रोज एक, आणि रोज निरोप नाही.

लोकांनी काय काय अर्थ काढले! शेळी म्हणजे कड्यावर आलेला देश. हत्ती म्हणजे संवाद तुटलेली माणसं. माकडं म्हणजे वाईट पाहू नका, ऐकू नका, बोलू नका. वास्तविक या माकडांनी ना डोळे झाकलेले, ना कान. दंगलींशी जोडलं, गाझाशी जोडलं, पर्यावरणाशी जोडलं. शेवटी 'ऑब्झर्व्हर' या वर्तमानपत्राला पेस्ट कंट्रोलकडून कळवण्यात आलं की लोक जरा जास्तच खोलात शिरताहेत. वातावरण उदास आहे, लोकांना अवचित थोडी गंमत वाटावी, एवढाच हेतू. माझा या खुलाशावर पूर्ण विश्वास नाही. दंगलीच्या आठवड्यात रोज एक जनावर शहरात मोकळं सोडणारा माणूस केवळ गंमत करत असेल, हे पटत नाही. पण गप्प बसण्याची कला त्याने इतकी मुरवलीय की खुलासाही त्याला मौनासारखाच वापरता येतो.

चौथ्या दिवशीचं चित्र सर्वांत देखणं. पेकॅममध्ये छपरावरच्या एका गोल डिश अँटेनावर मान वर करून ओरडणारा कोल्हा, नव्हे लांडगा. डिश म्हणजेच चंद्र. जाहीर होऊन काही तास व्हायच्या आत तोंड झाकलेली माणसं भरदिवसा शिडी घेऊन आली, डिश उपटली आणि घेऊन गेली. एकाने मोबाइलवर हे टिपायला सुरुवात केली, तर त्याला लाथ बसली आणि त्याचा मोबाइल छपरावर भिरकावला गेला. तो झाडाला आपटून परत खाली आला म्हणून ती चित्रफीत जगाला दिसली. कलेची चोरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर रात्र, मखमल, लेझरचे किरण येतात. इथे खर्च एका शिडीचा.

पाचव्या दिवशीचे पेलिकन नशीबवान. वॉल्थमस्टोमधल्या मासे तळून विकणाऱ्या दुकानाच्या पाटीवर मासे रंगवलेले होतेच. बँक्सीने त्यांच्यावर पेलिकन आणून बसवले, पाटीवरचेच मासे मटकावणारे. दुकानदाराला याहून चांगली जाहिरात कुठे मिळणार. त्याने पुसायचा प्रश्नच नव्हता. सहाव्या दिवशी क्रिकलवुडला एका फाटक्या, रिकाम्या जाहिरात फलकावर आळोखेपिळोखे देणारी मांजर आली. तिच्याभोवती गर्दी लोटली आणि काही तासांत कंत्राटदाराची माणसं फलक उतरवायला हजर झाली. फलक धोकादायक आहे, तो तसाही काढायचाच होता, असं त्यांचं म्हणणं. फळी फळी सुटी होत गेली तसे लोक हुर्यो करत राहिले. मांजरीचं पुढचं पाऊल आधी गेलं की शेपटी, हे टिपण्यासाठी शंभर मोबाइल वर.

आठव्या दिवशीच्या, चार्ल्टनच्या गेंड्याची गोष्ट ऐकवली तर बँक्सीच्या अब्रूला धक्का लागेल. भिंतीवरचा गेंडा समोर उभ्या असलेल्या बिघडलेल्या चंदेरी मोटारीवर चढलेला. मोटारीच्या बॉनेटवर वाहतुकीचा शंकू ठेवलेला, गेंड्याच्या मादीला शिंग असावं तसा. निम्मं चित्र भिंतीवर, निम्मं रस्त्यावर. मग कोणी बुरखेधारी येऊन गेंड्याच्या अंगावर डॉलरचं चिन्ह फवारून गेला. आणि एके दिवशी मोटार गेली. आता भिंतीवर उरला तो पुढचे पाय हवेत उचललेला एक गेंडा, कशासाठी ते न कळणारा. ज्याने मोटार हलवली त्याने अर्धं चित्र उचलून नेलं आणि त्याच्यावर गुन्हा म्हणून काही दाखलही होऊ शकत नाही.

नवव्या दिवशी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या दारावरचं गुंडाळी शटर वर उचलणारा गोरिला, खालून पक्षी उडताहेत, समुद्रसिंह निसटतोय, आत अंधारात डोळे चमकताहेत. बँक्सीचं आणि या जागेचं जुनं नातं. पूर्वी तो पेंग्विनांच्या आवारात शिरून सात फुटी अक्षरांत त्यांच्या वतीने लिहून आला होता की माशांचा कंटाळा आलाय. या वेळी संग्रहालयाने चित्रावर काच चढवली, पहारा बसवला, आणि काही दिवसांनी ते शटरच काढून आत नेलं. दारावर त्याची नक्कल लावली, वर 'बँक्सी इथे आला होता' अशा अर्थाची खोडकर पाटी. म्हणजे जनावरं मोकळी सोडणारा गोरिला आता कुलपात आहे. बाहेर आहे ती त्याची प्रत.

सातव्या दिवसाचं चित्र मी मुद्दाम मागे ठेवलं. लडगेट हिलवर पोलिसांची एक जुनी काचेची चौकी होती, एक शिपाई उभा राहील एवढी. बँक्सीने तिच्या काचांवर अर्धपारदर्शक रंग मारून तिची माशांची टाकी केली. आत पोहणारे पिरान्हा, दातवाले, माणूस सोलून काढतात अशी ख्याती असलेले. पोलिसांच्या चौकीत पिरान्हा म्हणजे काय म्हणायचं ते म्हणून झालं. आणि गंमत अशी की नगरपालिकेने ती चौकी लगेच आपल्या गिल्डहॉलच्या चौकात, सुरक्षित ठिकाणी, लोकांना पाहता येईल अशी नेऊन ठेवली. पुढे ती लंडन म्युझियमला देऊनही टाकली. या संग्रहालयाचं नवं घर स्मिथफील्डला. शेकडो वर्षं मांसाचा बाजार जिथे भरत आला, त्याच आवारातल्या इमारतींमध्ये.